तीन मिनिटांच्या तबकडीतले खाँसाहेब

मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात संगीतरत्न अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. उरुसाच्या दिवसांत तेथे दूरदूरचे गायक-वादक हजेरी लावतात, चिंचेच्या झाडाखाली रात्र रात्र मैफल चालते आणि किराणा घराण्याचा हा प्रवर्तक मिरजेचाच होता, हे नव्या पिढीला पुन्हा एकदा कळते. परंतु खाँसाहेबांना प्रत्यक्ष ऐकलेले श्रोते आता उरलेले नाहीत. आज त्यांचे गाणे म्हणून जे काही आपल्याजवळ आहे, ते लाखेच्या तबकड्यांच्या काही डझन बाजूंवर सामावलेले आहे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. सारे जमेस धरले तरी ते काही तासांपलीकडे जात नाही. हे थोडेसे गाणे लाँगप्ले, कॅसेट, सीडी आणि आता संगणक अशा वाटेने पुन्हा पुन्हा नव्या वेष्टनात बाजारात आले. पाश्चात्त्य जगात एखादा गाजलेला रॉक अल्बम पन्नास वर्षांनी नव्याने मिसळून काढला की त्यावर रकानेच्या रकाने लिहिले जातात. मिरजेच्या या गायकाच्या तबकड्यांचे पुनःप्रकाशन करताना मात्र नेमके काय केले गेले, याची विचारपूस आपल्याकडे फारशी होत नाही. खाँसाहेबांचे चरित्र या अंगाने पाहण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर भारतातील कैराना या गावी झाला. याच गावावरून पुढे घराण्याला किराणा हे नाव पडले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. घरात गाण्याबरोबर सारंगी आणि बीन यांचीही विद्या होती. खाँसाहेबांच्या गळ्यातून निघणारी लांबलचक, अखंड मींड ऐकताना सारंगीच्या गजाची आठवण येते ती उगीच नव्हे. तरुणपणीच ते बडोद्याच्या दरबारी गेले. तेथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. पुढे दोघांनी बडोदे सोडले. मराठा सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई यांचा हा विवाह त्या काळच्या समाजाला पचणारा नव्हता. मुंबई आणि मग मिरज असा त्यांचा प्रवास झाला.

मिरज ही तेव्हा पटवर्धनांची संस्थानी नगरी होती. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याची विभागणी झाली, मिरज दक्षिण सातारा जिल्ह्यात आली आणि १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. परंतु जिल्ह्याचे नाव काहीही असो, मिरजेचे महत्त्व होते ते दोन गोष्टींमुळे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या वास्तव्यामुळे येथे ख्यालाचे वातावरण आधीच तयार झालेले होते. विष्णू दिगंबर पलुस्करांनीही येथेच त्यांच्याकडे विद्या घेतली. दुसरी गोष्ट म्हणजे येथील तंबोरे. भोपळ्याची निवड, लाकडाची कोरणी आणि घोडीवरची जवारी यांत मिरजेच्या कारागिरांचा हात धरणारे कोणी नव्हते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या जुन्या कीर्तीवरचे उशिराचे शिक्कामोर्तब म्हणावे लागेल. ज्याला सुरेल तंबोऱ्याविना एक क्षणही गाता येत नसे, अशा गवयाने हे गाव निवडावे यात नवल ते काय! मीरासाहेबांवर त्यांची श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेच्या अनेक कथा मिरजेत आजही सांगितल्या जातात.

त्यांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गायचे. त्या आवाजाच्या दाबाने पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेषा कोरीत जायची. ज्या गायकांचे आवाज बुलंद, त्यांना हे यंत्र सोयीचे. खाँसाहेबांचा आवाज पातळ, नाजूक आणि उंच पट्टीतला. खर्जातील गुंजन, स्वराभोवतीचे श्वासाचे वलय, तंबोऱ्याची आस यांतले फारच थोडे त्या कर्ण्यात शिरले. यानंतर सुमारे तीन दशके त्यांचे नवे ध्वनिमुद्रण झालेले दिसत नाही. याच काळात ते कलावंत म्हणून सर्वांत जास्त बदलले. हा बदल टिपणारी एकही तबकडी आपल्याजवळ नाही, ही संगीताच्या इतिहासातील मोठी पोकळी आहे.

त्या तीन दशकांत त्यांनी काय केले? १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थ्यांना घरी ठेवून, जेवूखाऊ घालून शिकविण्याची त्यांची पद्धत होती, आणि पैशाची ओढाताण ही ओघाने आलीच. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच पुढचे सवाई गंधर्व, हे त्यांचे सर्वांत नामवंत शिष्य. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, रोशनआरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी ही नावेही त्याच परंपरेतली. म्हैसूर दरबारी ते वारंवार जात. तेथे कर्नाटक संगीत त्यांच्या कानी पडले आणि त्यांनी ते केवळ ऐकून सोडून दिले नाही. हिंदुस्थानी ख्यालात सरगमेचा जो मुक्त वापर त्यांनी रूढ केला, त्याचे मूळ या दक्षिणेच्या सहवासात आहे. संगीतरत्न ही पदवीही म्हैसूरचीच.

याच काळातली आणखी एक गोष्ट आपल्या भागाशी थेट जोडलेली आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना बावीस श्रुतींच्या गणिताचा ध्यास होता. १९१० मध्ये त्यांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तारेची लांबी आणि कंपनसंख्या यांवरून स्वरस्थाने कागदावर काढता येतात. परंतु ती कागदावरची स्थाने कंठातून खरोखर निघतात का, हे दाखविण्यासाठी गवई लागतो. ते काम खाँसाहेबांनी केले. त्यातून निघालेल्या श्रुति-हार्मोनियमवर १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत मोठा वाद झडला. भातखंडे पक्षाला ती पेटी मान्य झाली नाही. देवलांचे गणित बरोबर होते की नव्हते, हा प्रश्न विद्वानांवर सोपवू. येथे लक्षात घ्यायचे ते एवढेच की, ज्याच्या स्वराची मोजदाद करावी असे त्या काळच्या अभ्यासकांना वाटले, तो गायक अब्दुल करीम खाँ होता.

घरात मात्र स्वर जुळले नाहीत. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली. कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वतीबाई राणे हीही त्यांचीच अपत्ये. बापाचे नाव पुसले तरी गळा कसा पुसणार? हिराबाईंच्या तबकड्या महाराष्ट्रात घरोघर पोहोचल्या, सरस्वतीबाईंचा आवाज १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटातून देशभर गेला, आणि एकाच घराण्याचा स्वर दोन वेगवेगळ्या आडनावांनी ग्रामोफोन कंपन्यांच्या याद्यांत नांदू लागला. खाँसाहेब आणि त्यांची मुले यांच्यातील दुरावा किती आणि कसा होता, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हिराबाईंची एखादी तबकडी खाँसाहेबांच्या तबकडीला लागून ऐकली, तर त्या साऱ्या लिखाणाची गरज राहत नाही.

खाँसाहेब पुन्हा ध्वनिमुद्रणासाठी बसले ते १९३४ पासूनच्या दोन-तीन वर्षांत, ओडियन कंपनीसाठी. तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. आता कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला होता. हळू गाणाऱ्याचेही गाणे टिपता येऊ लागले होते, आणि त्यांच्या नाजूक आवाजाला शेवटी त्याच्या योग्यतेचे यंत्र मिळाले. झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्या, वसंत, जोगिया, शंकरा, सरपरदा, ‘मानापमान’ नाटकातले देवगंधाराचे मराठी पद, खरहरप्रिया रागातील त्यागराजांची कृती, एवढेच नव्हे तर बीनवादनसुद्धा त्यांनी दिले. एका हिंदुस्थानी गवयाने त्या काळात त्यागराजांची तेलुगू रचना तबकडीवर द्यावी, याचे अप्रूप आजही वाटते.

ज्यांचा एक राग मैफलीत तासभर चालायचा, त्यांनी तीन मिनिटांत काय करावे? पुष्कळ गवई अशा वेळी घाई करीत. सारी हत्यारे बाहेर काढीत, तानांचा पाऊस पाडीत आणि वेळ संपण्यापूर्वी धापा टाकीत समेवर येत. खाँसाहेबांनी तसे केले नाही. झिंझोटीची तबकडी ऐकावी. पहिल्याच आलापात श्रोत्याला वाटते की या माणसाजवळ पुष्कळ वेळ आहे. तान येते तीही सरगमेच्या मागून, बोलत बोलत. तीन मिनिटे संपतात तेव्हा काही राहून गेले असे वाटत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांची खरी थोरवी येथे दिसते. याच ठुमरीने १९३५ च्या ‘देवदास’ चित्रपटात कुंदनलाल सैगल यांच्या गळ्यातून वेगळाच संसार थाटला.

ग्रामोफोन आणि कुत्रा ही जोडी साऱ्यांच्या परिचयाची. खाँसाहेबांचाही एक टिपू नावाचा कुत्रा होता आणि त्याला त्यांनी सुरात ओरडायला शिकविले होते, असे सांगतात. त्याचे जाहीर प्रयोगही झाले म्हणे. कंपनीच्या कुत्र्याने नुसते ऐकायचे, आमच्या मिरजेच्या कुत्र्याने मात्र गायचे!

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे रेल्वेने जात असता त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमलकोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा लावून घेतला, दरबारी कानड्याच्या स्वरांत प्रार्थना केली आणि तेथेच त्यांचे देहावसान झाले. पार्थिव मिरजेला आणून दर्ग्यात दफन करण्यात आले.

यानंतरचे त्यांचे आयुष्य तबकड्यांचे. त्यांच्या झिंझोटीच्या तबकडीने गदगच्या एका मुलाला घराबाहेर काढले. तो मुलगा पुढे पंडित भीमसेन जोशी म्हणून साऱ्या जगाला माहीत झाला. गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ त्यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला महोत्सव आजही भरतो, आणि त्याच्या मुळाशी कुठेतरी ती एक तबकडी आहे. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतील संगीतकार ला माँट यंग यांच्यावरही या तबकड्यांचे गारूड पडले. त्यांच्याच वाद्यवृंदात वाजविणारे जॉन केल नंतर व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक समूहाचे संस्थापक सदस्य झाले. लांबवर धरून ठेवलेला स्थिर स्वर या समूहाच्या आरंभीच्या संगीतात ऐकू येतो. तो मिरजेहून गेला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण दोन्हींत एकच ओढ आहे, हे कानांना कळते.

ओडियनचा वारसा कालांतराने एचएमव्हीकडे आला. लाँगप्लेचा जमाना सुरू झाल्यावर अनेक तबकड्या एकत्र करून नव्या आवृत्त्या निघाल्या, मग कॅसेटी, नंतर सीडी. एचएमव्हीची सारेगामा झाली. शिष्य कपिलेश्वरीबुवांनी गुरूचे विस्तृत चरित्र मराठीत लिहिले. ऑस्ट्रेलियातील संशोधक मायकेल किनियर यांनी खाँसाहेबांच्या तबकड्यांची चरित्रासह सूची प्रसिद्ध केली आणि मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या सभासदांनी जुन्या तबकड्या जपल्या. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. ती मुदत केव्हाच उलटली असल्याने आज कोणीही हे गाणे पुन्हा काढू शकतो. ही चांगली गोष्ट आहे, पण खरी अडचणही येथेच आहे. कोणीही काढू शकतो, म्हणून जबाबदार कोणीच नाही.

पहिला प्रश्न वेगाचा. आपण सरसकट ७८ फेऱ्यांची तबकडी म्हणतो. परंतु आरंभीच्या काळात सारे मुद्रण नेमक्या ७८ फेऱ्यांवर होत नसे. मिनिटाला ८० फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ ने वाजविली, तर सारे गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांतील अंतराच्या निम्म्याजवळ खाली येते आणि तीन मिनिटांत चार-पाच सेकंदांनी लांबते. सगळे स्वर सारखेच उतरतात, त्यामुळे श्रुतींचे परस्परांशी असलेले नाते बिघडत नाही. बिघडतो तो आवाजाचा पोत आणि आंदोलनांचा वेग. गायक थोडा म्हातारा, थोडा सुस्त वाटू लागतो. उलट झाले तर आधीच उंच असलेला त्यांचा आवाज चिरका भासतो. रेकॉर्डवर साथीला हार्मोनियम असेल तर तिच्या ठरलेल्या पट्टीवरून खरा वेग शोधता येतो. असा शोध घेतला आहे की नाही, हे सीडीच्या वेष्टनावर सहसा लिहिलेले नसते.

दुसरा प्रश्न तबकडीच्या भोकाचा. ऐकायला हे हास्यास्पद वाटेल. तबकडीचे भोक मध्यावरून केसभर सरकलेले असेल तर प्रत्येक फेऱ्यागणिक, म्हणजे सेकंदाला सव्वापेक्षा थोडे अधिक वेळा, स्वर वरखाली हलतो. तबल्याच्या द्रुत लयीत ते कळत नाही. पण ज्याचे सारे गाणे एका स्वरावर स्थिर उभे राहण्यावर बेतलेले आहे, त्याच्या बाबतीत ही लहानशी हेलकावणी घातक ठरते. नवख्या श्रोत्याला वाटावे की म्हातारपणी खाँसाहेबांचा स्वर हलत होता. कसबी तंत्रज्ञ तबकडी आधी नीट मध्यावर बसवितो आणि मगच सुई ठेवतो. ती सुईही लाँगप्लेची चालत नाही. तिचे टोक जुन्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन कचरा उकरते. जवळपास तिप्पट जाड टोकाची सुई लागते.

तिसरा प्रश्न खरखरीचा. लाखेच्या तबकडीची खरखर ग्राहकाला आवडत नाही, म्हणून कंपन्या ती गाळतात. गाळताना वरच्या पट्ट्यातील ध्वनी जातो, आणि त्याच पट्ट्यात तंबोऱ्याची जवारी असते, शब्दांतले स-श असतात, श्वास असतो. काही पुनःप्रकाशित आवृत्त्यांत खाँसाहेब घोंगडी पांघरून गात आहेत असे वाटते, ते याचमुळे. थोडी खरखर सोसावी. तंबोरा मात्र हरवू देऊ नये. मिरजेच्या कारागिराने जवारीसाठी दिवसदिवस घासलेली घोडी संगणकाच्या एका कळीने पुसली जावी, हे क्लेशदायक आहे.

राहता राहिला रिमिक्सचा विषय. आपल्याकडे २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्या गाण्यांवर ढोल-ताशे चढवून त्याला रिमिक्स म्हणण्याची लाट आली होती. ती येथे अभिप्रेत नाही. रॉक संगीतात रिमिक्स म्हणजे निरनिराळ्या फितींवर वेगवेगळे मुद्रित केलेले कंठ, गिटार, ढोल पुन्हा नव्या प्रमाणात मिसळणे. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ची अशी नवी आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. खाँसाहेबांच्या बाबतीत अशा फितीच नाहीत. कंठ, तबला, तंबोरा सारे एकाच खाचेत कोरले गेले. अलीकडे मात्र संगणक एकत्र ध्वनीतून एकेक वाद्य वेगळे काढू लागला आहे. २०२२ मध्ये बीटल्सचाच ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बम या तंत्राने नव्याने मिसळला गेला. उद्या कोणी खाँसाहेबांचा कंठ असाच सोडवून काढील, तबला मागे सारील, आणि ते कदाचित उपयुक्तही ठरेल. पण वेगळे काढलेले ते गाणे काही अंशी यंत्राचा अंदाज असते. त्यावर सूर सरळ करणारे एखादे तंत्र बसविले, तर पेटीच्या बारा स्वरांत न बसणाऱ्या श्रुती चुका म्हणून दुरुस्त केल्या जातील. देवलांनी ज्या मोजण्यात आयुष्य घालविले, त्याच नेमक्या पुसल्या जातील.

यावर उपाय अवघड नाही. कोणत्या प्रतीवरून मुद्रण केले, ते किती फेऱ्यांवर वाजविले आणि काय गाळले, एवढ्या तीन ओळी प्रत्येक नव्या आवृत्तीवर छापाव्यात. आणि त्याबरोबर काहीही न गाळलेले मूळ मुद्रणही उपलब्ध ठेवावे. मिरजेत तंबोरे जुळविणारे कान अजून आहेत. खाँसाहेबांची पुढची आवृत्ती जो कोणी काढील, त्याने ती छापण्यापूर्वी एकदा मिरजेला येऊन त्या कानांना ऐकवावी.